फावल्या वेळात : वारा नेहमी पाठीशी कसा असेल?



उन्हाळा सुरू झाला की दोह्यात सूर्य मावळेपर्यंत मुलांना खाली खेळायला सोडता येत नाही, हे इथल्या कुणाला नव्याने सांगायला नको. निम्मी बिऱ्हाडं गावी गेलेली असतात. उरलेली एसीच्या घरघरीत बसून परतणाऱ्यांच्या पिशवीतल्या फणसपोळीची वाट बघत असतात. अशा वेळी मुलं काय करतात? आईबाप म्हणतात, "काही नाही हो, नुसती स्क्रीनसमोर बसलेली असतात." या 'नुसती' शब्दावर आमचा फारसा विश्वास नाही. म्हणून गेले काही शुक्रवार आम्ही चार-पाच ओळखीच्या घरी गेलो ते बैठकीच्या खोलीत न बसता थेट मुलांच्या खोलीत जाऊन बसलो. चहा तिथेच मागवला. (वहिनींनी हसत हसत आणून दिला, त्यांचे आभार.) आणि पाहतो तो काय, दोन घरांत पडद्यावर चक्क समुद्र! शिडं, डोलकाठ्या, लाटा, मावळतीचा सूर्य, सगळं काही.

"काका, गॅलियन ओपी आहे," एक चिरंजीव आम्हाला म्हणाले.

ओपी म्हणजे काय हे विचारण्यात आमची पाच मिनिटं गेली. ओपी म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान. समोरच्याकडे ते जहाज असलं की आपण हरणारच, मग खेळायचं कशाला? मुलं याला 'बॅलन्स नाही' म्हणतात. दुसरा शब्द 'मेकॅनिक्स'. म्हणजे खेळ ज्या नियमांवर चालतो ती यंत्रणा: सारीपाटात कवड्या टाकायच्या, सोंगटी मारली गेली की ती पुन्हा पहिल्यापासून निघणार, ही झाली मेकॅनिक्स. आणि कुणाचंही पारडं आधीपासूनच जड नसणं, हा झाला बॅलन्स. सापशिडीत बॅलन्स अगदी पक्का असतो, कारण तिथे खेळणाऱ्याला ठरवायला काहीच नसतं, फासा ठरवतो. म्हणून तर आठव्या वर्षानंतर सापशिडीचा कंटाळा येतो.

आता हे सगळं या स्तंभात कशासाठी? एवढ्याचसाठी की या मुलांना एक गोष्ट जमते, जी आपल्याला सहसा जमत नाही. ती तक्रार करतात, नीट कारणांसह करतात, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले खेळ बनवणारे लोक ती ऐकून खेळ बदलतात. आमच्या इमारतीच्या लिफ्टची तक्रार करून किती दिवस झाले हे आम्ही इथे लिहीत नाही.

समुद्रावरच्या खेळांत पहिली तक्रार नेहमी वाऱ्याची. आमच्या पिढीतल्या ज्यांच्या घरी तेव्हा कॉम्प्युटर होता त्यांना १९८७ सालचा सिड मायर यांचा 'पायरेट्स!' आठवत असेल. कॅरिबियन समुद्रात वारा बहुतेक पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, तसाच तो त्या खेळातही वाहायचा. पश्चिमेला जाताना जहाज भन्नाट सुटायचं. उलट बार्बाडोसकडे यायचं म्हटलं की शिडं तिरकी करून, नागमोडी वळणं घेत रखडायचं. सफर लांबली की खलाशी कुरकुर करायला लागायचे, त्यांना लुटीचा वाटा द्यावा लागायचा, आणि दरम्यान आपला कप्तान म्हातारा होत जायचा. कुरकुरणारे खलाशी आणि म्हातारा होणारा कप्तान, दोन्ही गोष्टी लोकांना आवडल्या. २००४ साली खेळाची नवी आवृत्ती आली तेव्हा लोक ज्यावर वैतागले ती गोष्ट वेगळीच होती: गव्हर्नरच्या मुलीबरोबर ठेका धरून नाचायचं! समुद्रावर मर्दुमकी गाजवलेले वीर तिथे पायात पाय अडकून पडत.

वाऱ्याच्या तक्रारीचं सर्वांत मोठं उदाहरण मात्र जपानचं. निन्तेन्दो कंपनीचा 'द विंड वेकर' हा खेळ जपानमध्ये २००२ च्या डिसेंबरात आणि बाहेर २००३ साली आला. एक पोरगा, एक बोलकी होडी आणि भलामोठा समुद्र. वाऱ्याची दिशा बदलायची तर हातातली छडी फिरवून एक सूर वाजवायचा, की वारा हव्या त्या दिशेला. कल्पना फार सुंदर! पण दर वळणाला तोच सूर, तेच दृश्य. दोन बेटांच्या मध्ये नुसतं निळं पाणी. शेवटाकडे तर एका वस्तूचे आठ तुकडे समुद्रतळातून काढायचे, त्यांचे नकाशे शोधायचे, आणि प्रत्येक नकाशा वाचून घ्यायला एका विक्षिप्त माणसाला ३९८ 'रुपी' मोजायचे. (हो, त्या खेळातल्या पैशाचं नाव रुपीच आहे. आखातात १९६६ पर्यंत रुपया चालत होता हे आठवून आम्हाला त्या खेळाबद्दल उगीचच आपुलकी वाटली.) खेळणाऱ्यांनी ओरड केली की खेळ छान, पण प्रवास कंटाळवाणा. दहा वर्षांनी, २०१३ साली, तोच खेळ नव्या यंत्रासाठी सुधारून काढला तेव्हा दोन बदल झाले. एक नवं शीड मिळू लागलं, ज्याने होडी जवळपास दुप्पट वेगाने जाते आणि वारा आपोआप नेहमी पाठीशी राहतो. आणि आठपैकी पाच तुकडे नकाशाच्या भानगडीशिवाय थेट मिळू लागले.

आम्ही मुलांना विचारलं, खेळाचं नाव वाऱ्यावर, आणि आता वाराच मोजायचा नाही, हे बरोबर झालं का? दोन मुलं म्हणाली, अर्थातच बरोबर. एक मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "मला जुनंच आवडलं असतं. नुसतं पाणी बघत जाणं मला आवडतं." तिच्या भावाने तिला वेड्यात काढलं. आम्ही तिच्या बाजूचे. पण आम्ही ऑफिसातून येऊन अर्धा तास खेळणारे असतो तर कदाचित नव्या शिडासाठीच भांडलो असतो.

लंडनच्या फेलबेटर या छोट्या कंपनीच्या 'सनलेस सी' या खेळाची गोष्ट थोडक्यात सांगतो. तो त्यांनी अर्धवट असतानाच, २०१४ साली, लोकांना खेळायला दिला. लोक म्हणाले, लिखाण अप्रतिम आहे पण लढाई जमलेली नाही. कंपनीने लढाईची सगळी यंत्रणा मोडून नव्याने रचली, त्यापायी उशीरही पत्करला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये खेळ पूर्ण करून बाजारात आणला. त्या खेळात कोळसा संपतो, शिधा संपतो, काळोखात खलाशी भीतीने वेडे होतात. बोट फार हळू चालते ही तक्रार मात्र पुढेही होत राहिली, आणि हळू चालते म्हणूनच भीती वाटते असं म्हणणारेही तितकेच भेटतात.

आता येऊ त्या गॅलियनकडे. तो खेळ म्हणजे 'सी ऑफ थीव्ज', इंग्लंडच्या रेअर कंपनीचा, २० मार्च २०१८ ला आलेला. हा एकट्याने खेळायचा खेळ नव्हेच. मोठ्या गॅलियनला चार माणसं लागतात, मधल्या ब्रिगँटीनला तीन, छोट्या स्लूपला एक किंवा दोन. यातली मेकॅनिक्स पाहून आम्ही थक्क झालो. सुकाणू धरणाऱ्याला पुढचं दिसतच नाही, कारण उघडलेलं शीड मध्ये येतं. नकाशा खाली टेबलावर असतो, तो सुकाणूवरून दिसत नाही. म्हणजे एकाने नकाशा बघून ओरडायचं, दुसऱ्याने पुढे उभं राहून खडक आले का ते सांगायचं, तिसऱ्याने शिडं वाऱ्याकडे फिरवायची. जहाजाला भोक पडलं की एकाने फळी ठोकायची आणि दुसऱ्याने बादलीने पाणी उपसायचं. बोलल्याशिवाय जहाज चालतच नाही! आमच्या माहितीतलं एक घर असं आहे की इथे दोह्यात सुकाणू आणि सांगलीत मावसभाऊ डोलकाठीवर. अडीच तासांचा फरक सांभाळून दर गुरुवारी रात्री बसतात. दोघांच्या आया फोनवर जेवढं बोलत नाहीत तेवढं ही पोरं बोलतात, आणि मराठीत बोलतात. 'डावीकडे घे, डावीकडे, अरे आपटलास!' हे मराठी आहे, कुणी काही म्हणो.

हा खेळ आला तेव्हा लोकांनी दोन तक्रारी केल्या. एक, समुद्र सुंदर पण करायला काही फारसं नाही. ही खरीच होती, आणि कंपनीला पुढची काही वर्षं नवी नवी भर घालत राहावं लागलं. दुसरी, शत्रूचं जहाज बुडवावं तर ते जवळच पुन्हा उगवून अंगावर येतं. ते अंतर त्यांनी वाढवलं. आणि एक गोष्ट तर करण्याआधीच रद्द केली. खेळात मेलं की आपण एका भुताळी नावेवर जातो आणि थोड्या वेळाने परत येतो. त्या मरणावर सोन्याच्या रूपात दंड लावायचा असा कंपनीचा विचार होता. बातमी कळताच खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांत तो बेत गुंडाळला गेला. मेलेल्या माणसावर कर बसवायचा म्हणजे अतीच झालं, याबद्दल आमच्या घरच्या सगळ्या पिढ्यांचं एकमत झालं.

गॅलियनवर चौघं आणि स्लूपवर एकटा, ही गैरबरोबरी मात्र अशी सहज सुटणारी नव्हती. बनवणाऱ्यांनी त्यावर केलेला उपाय आम्हाला फार आवडला, कारण तो आपल्या कोकणातला वाटला. पाठीमागून वारा असेल तर गॅलियन सर्वांत वेगवान. पण वाऱ्याच्या तोंडावर स्लूप तिला मागे टाकते. म्हणजे एकट्याने लढायचं नाही, वाऱ्याकडे तोंड करून पळायचं!

इथे थोडं विषयांतर करतो, वाचकांनी सांभाळून घ्यावं. आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत अशी दोन मुख्य जहाजं होती. गुराब मोठी: दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत, क्वचित तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांच्या आसपास. गलबत छोटं, सहसा सत्तर टनांच्या आतलं, शिडं होतीच पण शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. इंग्रजांची जहाजं यांच्यापेक्षा उंच, बळकट, बाजूला तोफांची रांग. समोरासमोर बाजू लावून लढायचं तर आपलं काही खरं नव्हतं. म्हणून आपले लोक मागून यायचे, शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा कमी. आणि वारा पडला की तर आपली मजाच! इंग्रजांचं जहाज जागच्या जागी डुलत बसणार, आणि आपली गलबतं वल्ही मारत गुराबांना दोर बांधून ओढत नेमक्या जागी आणून उभी करणार. आजच्या मुलांच्या भाषेत सांगायचं तर ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज ओपी होतं, आणि कान्होजींनी मेकॅनिक्स ओळखली. १६९८ च्या सुमारास सरखेल झाल्यापासून १७२९ मध्ये देह ठेवीपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज, डच यांपैकी कुणालाही त्यांचा बंदोबस्त करता आला नाही.

आणखी एक गंमत. 'गुराब' हा शब्द अरबी आहे. त्याचा अर्थ कावळा. आपल्या शेजारच्या अरबी कुटुंबाला विचारून पाहा. सुकाणू, खलाशी हेही अरबीतूनच आलेले. आणि कोकणातला 'नाखवा' व इथला 'नोखादा' हे दोघे एकाच फारसी 'नाखुदा'चे लेक, म्हणजे नावेचा मालक. कोर्निशवर उभ्या असलेल्या ढाऊकडे बोट दाखवून मुलांना हे सांगा; शाळेतल्या अरबी विषयात गुण वाढतील असं नाही, पण भीती थोडी कमी होईल.

या सगळ्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीत 'स्कल अँड बोन्स' हा खेळ येणार म्हटल्यावर आम्हाला उत्सुकता होती. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा. (पुण्यातही त्यांचा स्टुडिओ २००८ पासून आहे, पण हा खेळ मुख्यतः त्यांच्या सिंगापूरच्या स्टुडिओने केला.) २०१७ साली जाहीर झालेला, वारंवार पुढे ढकललेला, आणि समुद्र आपला, हिंदी महासागर! काळही आपला, सतराव्या शतकाची अखेर. पण नकाशा उघडला तर आफ्रिकेचा पूर्व किनारा, मादागास्करकडची बेटं आणि ईस्ट इंडीज. सुरत नाही, मुंबई नाही, कुलाबा-विजयदुर्ग नाही, मस्कत नाही. हिंदी महासागरातून आपला किनारा आणि हे आखात वगळायचं म्हणजे पंगतीत भात न वाढण्यासारखं आहे.

खेळाडूंच्या तक्रारी अर्थात वेगळ्या होत्या. कंपनीच्या प्रमुखांनी खेळाला 'चार ए' दर्जाचा म्हटलं होतं, किंमतही पूर्ण ७० डॉलर. आणि हातात आलं काय, तर शत्रूच्या जहाजावर उडी मारून तलवार चालवता येत नाही, ते आपोआप एका दृश्यात उरकतं. जमिनीवर ठराविक वस्त्यांमध्येच उतरता येतं. पण सर्वांत जास्त थट्टा झाली ती दमण्याची. शिडं पूर्ण ताणून वेगात गेलं की खलाशांचा दम संपतो, मग जहाज मंदावतं, आणि पुन्हा वेग हवा तर त्यांना शिजवलेलं अन्न द्यायचं. "काका, शिडाचं जहाज दमतं कसं?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. वल्ह्यांचं गलबत असतं तर हाच नियम अगदी शोभला असता. पन्नास माणसं वल्ही मारतात ती दमणारच. त्यांना नाचणीची भाकरी घालावीच लागणार. नियम चांगला, जहाज चुकीचं!

या निमित्ताने तक्रार कशी लिहावी याबद्दल मुलांकडून शिकलेलं सांगतो. एका मुलाने एका खेळाच्या कंपनीला लिहिलं होतं, 'खेळ भिकार आहे.' त्याचं काही झालं नाही. दुसरीने लिहिलं होतं की अमुक बंदरातून निघाल्यावर दहा मिनिटं काहीच घडत नाही, तिसऱ्यांदा आपण खेळ बंद केला, आणि बंद करताना काय वाटलं. तिला उत्तर आलं. दुखतं कुठे, केव्हापासून, काय खाल्ल्यावर, हे रोग्याने सांगावं. गोळी कुठली द्यायची ते डॉक्टर बघेल. बहुतेक खेळाडू नेमकं उलटं करतात: दुखणं सांगत नाहीत, गोळ्यांची यादी देतात. एक तोफ वाढवा, दोन माणसं कमी करा, दंड निम्मा करा.

पण कधी कधी डॉक्टरही पेचात पडतो. 'सी ऑफ थीव्ज'मध्ये पहिल्यापासून एक गट म्हणत होता, आम्हाला लुटारूंची भीती नको, आमच्या आमच्यात खेळू द्या. दुसरा म्हणत होता, लुटारू नसतील तर तो समुद्र कसला? साडेपाच वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, कंपनीने 'सेफर सीज' नावाचा सुरक्षित समुद्र वेगळा दिला. तिथे परकं जहाज येत नाही. पण सुरुवातीला तरी कमाई नेहमीच्या तीस टक्केच ठेवली. आमच्या बैठकीत यावर कडाक्याचं भांडण झालं. तीस टक्क्यांसाठी कोण खेळेल, असं थोरले म्हणाले. मघाची पाणी बघणारी मुलगी म्हणाली, "मी खेळेन. मला कुठे पैसे हवेत?" आम्ही मनात म्हटलं, हिचं पुढे कसं होणार! आणि मग वाटलं, हिचंच बरं होईल.

आता मुख्य बातमी. या चर्चांमधून चार मुलांनी (वयं अकरा ते पंधरा, नावं छापू नका ही त्यांची अट) या उन्हाळ्यात स्वतःच कागदावर एक खेळ बनवला आहे. दोह्याहून ढाऊ निघते, मोत्यांच्या शिंपल्यांच्या जागी थांबते, मस्कतवरून मुंबईला मोती विकायला जाते आणि परत येते. खेळाचं नाव अजून ठरलेलं नाही. दोन नावांवरून भांडण चालू आहे.

मोतीच का, हे सांगायला हवं. तेल निघण्यापूर्वी हा देश मोत्यांवर जगत होता. उन्हाळ्याचे चार महिने, आपण ज्या उकाड्यात बाल्कनीत पाय ठेवत नाही त्या उकाड्यात, माणसं नावांवर राहत. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जायचा. वर एक माणूस त्याचा दोर धरून उभा. दोराला झटका बसला की वर ओढायचं. पाणबुड्याला इथे 'घैस' म्हणत, दोर ओढणाऱ्याला 'सैब'. मिळालेले मोती बरेचसे मुंबईच्या बाजारात जात. राष्ट्रीय संग्रहालय २०१९ मध्ये उघडलं, तिथे बडोद्याचा मोत्यांचा गालिचा बघितला नसेल तर जरूर बघा. आपल्या खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला, सुमारे पंधरा लाख मोत्यांचा. हे मोती इथल्याच आखातातले. इथून बडोद्याला गेले आणि २००९ साली दोह्यातल्या लिलावात पंचावन्न लाख डॉलरच्या आसपास किमतीला विकले गेले. जपानच्या मिकिमोतोंनी मोत्यांची शेती यशस्वी केली, त्यावर १९२९ ची मंदी आली, आणि हा धंदा बसला. १९४९ च्या अखेरीस इथून तेलाची पहिली निर्यात झाली. मधली वीस वर्षं इथल्या लोकांनी कशी काढली असतील!

या धंद्याची मेकॅनिक्स अशी: हंगामाआधी नाखुदा माणसांना उचल देणार. हंगाम संपला की मोती विकून वाटण्या होणार, त्यातून उचल वजा. मोती कमी मिळाले तर कर्ज पुढच्या हंगामावर. म्हणजे पुढच्या वर्षी त्याच नाखुदाच्या नावेवर जाणं आलं. मुलांनी हे संग्रहालयात वाचलं आणि जसंच्या तसं खेळात घातलं. एक नाखुदा, बाकीचे घैस आणि सैब. कर्ज कागदावर लिहायचं आणि ते पुढच्या शुक्रवारी तसंच चालू!

चार घरी खेळ फिरला. आम्ही वही घेऊन बसलो आणि फक्त ऐकलं. पहिली तक्रार, रिकामे शिंपले फार. दुसरी, सैबला काही कामच नाही, तो नुसता दोर ओढतो. त्याची भूमिका घेणारी दोन मुलं मधेच उठून पाणी प्यायला गेली ती आलीच नाहीत. तिसरी, पावसाळ्याचं पान निघालं की तीन डाव बसून राहायचं. चौथी, नाखुदा प्रत्येक वेळी जिंकतो. आणि पाचवी, एका नऊ वर्षांच्या मुलीवर तीन शुक्रवार कर्ज राहिलं. चौथ्या शुक्रवारी ती आली नाही. आईने विचारलं तर म्हणाली, "मी गेले तरी माझे मोती त्यांचेच होतात."

इथे मोठ्यांमध्ये वाद झाला. एक वहिनी म्हणाल्या, खेळ आहे, कर्जाचा नियम काढून टाका. त्यावर तोवर गप्प बसलेले एक गृहस्थ बोलले. वीस वर्षांपूर्वी एजंटला पैसे देण्यासाठी गावच्या पतपेढीचं कर्ज काढून ते इथे आले होते. पहिल्या दोन वर्षांचा पगार तिकडेच गेला. ते म्हणाले, "काढू नका. पोरांना कळू दे." खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. चहा गार झाला. दोघांचंही म्हणणं आम्हाला पटत होतं, आणि एका पटावर दोन्ही मावत नव्हती.

तोडगा मुलांनीच काढला. दर शुक्रवारी चिठ्ठ्या टाकून भूमिका बदलायच्या; आज नाखुदा तो उद्या घैस. आणि कर्ज मुलाच्या नावावर लिहायचं नाही, नावेवरच्या जागेच्या नावावर लिहायचं. तिसऱ्या घैसाचं कर्ज तिसऱ्या घैसाचंच राहणार. तिथे जो बसेल त्याने ते फेडायचं. नाखुदा अजूनही बहुतेक वेळा जिंकतो, पण तो कोण हे ठरलेलं नसतं. मागच्या शुक्रवारी पंधरा वर्षांचा थोरला त्या तिसऱ्या जागेवर बसला आणि पहिल्या दहा मिनिटांत म्हणाला, "हे अन्फेअर आहे!" नऊ वर्षांची नाखुदाच्या उशीवर बसली होती. तिने त्याला उचल मोजून दिली.

सैबलाही काम मिळालं. घैसाने शिंपल्यांची पानं एकेक उचलायची, दर पानाला एक श्वास. श्वास किती ते सैबने फाशावर गुपचूप बघितलेलं असतं. त्याने वेळेवर 'ओढ!' म्हटलं तर सगळी पानं वर येतात. उशीर केला तर सगळी पाण्यात. पण लवकर ओढलं तर मोती खालीच राहिले म्हणून घैस रागावणार. आता सैब व्हायला सगळ्यांची झुंबड. रिकाम्या शिंपल्यांची संख्या मात्र मुलांनी तशीच ठेवली आहे. पावसाळ्याचं पानही आहे, फक्त आता ते अचानक निघत नाही. पटाच्या कडेला महिने छापलेत. नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर असेपर्यंत मुंबईच्या बाजूला जायचं नाही, तो ओसरताना जायचं आणि ईशान्य वाऱ्यावर परतायचं. नारळी पौर्णिमा कुठल्या घरात येते ते मुलं बरोबर सांगतात.

या अंकाच्या शेवटच्या पानावर तो पट झेरॉक्स करून जोडला आहे. पुठ्ठ्यावर चिकटवावा. दोन फासे, मोत्यांसाठी चिंचोके (नसतील तर चवळी), आणि शिंपल्यांची पानं जुन्या लग्नपत्रिकांची कापावीत. चार ते सहा जण, वेळ सुमारे तासभर. खेळून झाल्यावर खालची चिठ्ठी भरून मंडळाच्या वाचनालयाच्या टेबलावरच्या डब्यात टाकावी. किती जण होते, वयं काय, कुठे कंटाळा आला, कोण कधी उठून गेलं आणि का, एवढंच लिहा. काय बदलायचं ते मुलं बघतील. मोठ्यांनी खेळायला हरकत नाही, पण हरल्यावर नियमांवर वाद घालू नये. आणि बहरीनच्या वर जो काळा ठिपका दिसतो ते बेट नाही, झेरॉक्सचा डाग आहे. तिथे नाव लावू नये.